कानाचं मशीन: सगळे विचारतात ते प्रश्न, आणि कुणी विचारत नाही तेही

मी दोन्ही कानांना मशीन लावते, बाबाही लावतात, त्यामुळे नात्यातलं नाहीतर सोसायटीतलं कुणी ना कुणी सारखं विचारत असतं, कुठलं घेतलंत, केवढ्याला पडलं, खरंच ऐकू येतं का. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. एक गोष्ट आधीच सांगते. कंपनी कुठली घ्यायची यावर लोक महिना-महिना डोकं लावतात आणि ते मशीन आपल्या कानाला सेट कोण करणार, नंतर चार वेळा बदल करून कोण देणार, हे विचारतच नाहीत. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो.

बाबांना आवाज येतो, फक्त बोललेलं कळत नाही. मग मशीनची गरज आहे का?

हो, बहुतेक आहे, कारण वयामुळे ऐकू कमी येतं ते नेमकं असंच सुरू होतं. आतल्या कानात कॉक्लिया नावाचा शंखासारखा भाग असतो, त्यात साधारण १५ हजार बारीक केसपेशी असतात आणि त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. आता आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो, पण स, श, फ, थ, च असली व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि मुळातच हलकी. मग होतं काय, स्वर पोचतो, व्यंजन गळतं. "साठ" म्हटलं की "आठ" ऐकू येतं, सात की हात की खात ते अंदाजाने ठरवावं लागतं, आणि माणूस म्हणायला लागतो की हल्ली सगळे पुटपुटतातच.

घरात यावरून फार बोललं जातं, "त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं" वगैरे. कृपा करून हे बोलू नका. समोर बसून शांत खोलीत एखादा पुरुष बोलला तर कळतं आणि ओट्यापाशी पाठ करून, नळ चालू, एक्झॉस्ट चालू, त्यात नातीने बारीक आवाजात काही विचारलं तर कळत नाही, याला सोंग म्हणत नाहीत. कान खरंच तसाच झालेला असतो.

आधी कुठे जायचं, डॉक्टरकडे की मशीनच्या दुकानात?

आधी कान-नाक-घसा डॉक्टर. कानात मळ घट्ट बसलेला असू शकतो, पडद्याला भोक असू शकतं, पडद्यामागे पाणी असू शकतं, कानातलं छोटं हाड आखडलेलं असू शकतं, आणि यातलं बरंच औषधाने किंवा ऑपरेशनने सुधारतं, मशीन लागतही नाही कधीकधी. मग ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे, ऑडिओमेट्री. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बीप ऐकू आला की बटण दाबायचं. त्याचा जो आलेख मिळतो तो नीट जपून ठेवा, लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा, आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत, आणि रेष जितकी खाली उतरेल तितकं ऐकू कमी. शब्द किती ओळखता येतात तीही टेस्ट करून घ्या, नुसत्या बीपवर कुणी मशीन देत असेल तर थोडं थांबा. ऑडिऑलॉजिस्ट रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे रजिस्टर्ड आहे का तेही बिनधास्त विचारा, यात संकोच कसला.

आणि एक अगदी कळकळीने. सकाळी उठलं आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, किंवा दोन-तीन दिवसांत ऐकणं एकदम खाली गेलं, तर "सर्दीने दडे बसले असतील" म्हणून आठवडाभर वाट बघू नका. ही इमर्जन्सी असू शकते. सुरुवातीच्या काही दिवसांत स्टिरॉइड सुरू झालं तर ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त असते, उशीर केला की ती संधी जाते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आत्ताची मशीनं जुन्या मशीनपेक्षा वेगळं काय करतात?

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून ते शर्टाच्या खिशातलं डबीसारखं पॉकेट मॉडेल आणि कानापर्यंत गेलेली वायर आहे. ते सगळाच आवाज मोठा करायचं, बोलणंही आणि कुकरची शिट्टीही. पण आतला कान खराब झाला की अडचण दुहेरी असते, हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र आधीइतकाच, कधी आधीपेक्षाही जास्त टोचतो, म्हणजे ऐकू येण्याची आणि सहन होण्याची हद्द एकमेकींच्या जवळ आलेली असते. म्हणून तर आजोबा आधी "मोठ्याने बोल" म्हणतात आणि मोठ्याने बोललं की "ओरडतोस कशाला" म्हणतात, दोन्ही खरं असतं त्यांचं.

पूर्ण डिजिटल मशीनं १९९६ च्या सुमारास बाजारात आली आणि तिथून खरा बदल सुरू झाला. आतली चिप आवाजाचे पट्टीनुसार भाग पाडते आणि प्रत्येक भागाला तुमच्या आलेखाप्रमाणे वेगळा जोर देते, जिथे कान ठीक आहे तिथे काही करत नाही, जिथे गळती आहे तिथे उचलते. शिवाय हळू आवाजाला खूप जोर, मध्यमला थोडा, मोठ्याला जवळजवळ नाहीच, याला कॉम्प्रेशन म्हणतात, आणि मला विचाराल तर ब्लूटूथ बिलूटूथ सगळं बाजूला ठेवा, सगळ्यात उपयोगी गोष्ट ही आहे. ती पूर्वीची चूं चूं शिट्टी वाजायची ना, मशीनमधून बाहेर पडलेला आवाज परत माइकमध्ये शिरायचा म्हणून, ती पण आता चिप ओळखून दाबते. तरी वाजत असेल तर मोल्ड, म्हणजे कानाच्या ठशावर बनवलेला कानात बसणारा भाग, सैल झालाय किंवा कानात मळ आहे असं समजा आणि दाखवून या.

मग दोन माइक असतात, समोरून येणारा आवाज आणि मागून येणारा यात जो किंचित वेळेचा फरक पडतो त्यावरून मशीन मागचा गोंगाट कमी करतं. पंख्याचा, गाडीचा एकसारखा घुंघुं आवाज वेगळा ओळखतं. आणि आता एआय आलंय. ओटिकॉन कंपनीने २०२१ मध्ये मोअर नावाचं मशीन आणलं त्याच्या चिपला सुमारे १ कोटी २० लाख खऱ्या आवाजांवर शिकवलेलं आहे, फोनाक कंपनीने २०२४ मध्ये गोंगाटातून बोलणं वेगळं काढायला एक स्वतंत्र चिपच टाकली. फरक पडतो, हॉटेलात चार जणांच्या टेबलावर पडतो. पण मंगल कार्यालयात बँड वाजतोय, शंभर माणसं एकदम बोलतायत, तिथे सगळं स्वच्छ ऐकू येईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तिथे चांगले कान असलेल्यांनाही कळत नसतं.

ब्लूटूथ खरंच लागतं का?

फोन वापरणाऱ्याला लागतं. कॉल थेट दोन्ही कानांत येतो, व्हिडिओ कॉलवर परदेशातली नातवंडं काय म्हणतात ते कळतं, टीव्हीला एक छोटा डबा जोडला की टीव्हीचा आवाज मशीनमध्ये आणि बाकीच्यांना व्हॉल्यूम त्यांना हवा तेवढा. आयफोनला थेट जोडलं जाणारं मशीन २०१४ मध्ये आलं, अँड्रॉइडचं अजूनही थोडं गोंधळाचं आहे, सगळे फोन सगळ्या मशीनशी जुळत नाहीत, म्हणून स्वतःचा फोन घेऊन जा आणि क्लिनिकमध्येच जोडून, एक कॉल करून बघा. ऑराकास्ट नावाचं नवीन तंत्र २०२२ मध्ये जाहीर झालं, त्यात नाट्यगृह किंवा विमानतळावरची घोषणा थेट मशीनमध्ये येऊ शकते, पण त्यासाठी त्या जागेतही यंत्रणा बसवलेली हवी.

साधा कीपॅड फोन असेल तर फोन कानाच्या भोकावर नाही, थोडा वर, मशीनच्या माइकजवळ धरायचा. हे कुणी सांगतच नाही आणि मग लोक फोन आला की मशीन काढतात.

कुठला प्रकार चांगला, कानामागचा की आतला?

सगळ्यांना आतला, न दिसणारा हवा असतो. समजू शकते मी, पण तो बारीक असतो, सेल बारीक, हात थरथरत असतील तर घालता-काढता येत नाही, मळाने लवकर बंद पडतो आणि ऐकणं फार खाली गेलं असेल तर त्याचा जोर पुरत नाही. कानामागचं मशीन दणकट, जास्त ताकदीचं, लहान मुलांना तर हेच देतात कारण कान वाढला की फक्त मोल्ड बदलायचा. मधला प्रकार म्हणजे आरआयसी, छोटं मशीन कानामागे आणि केसाएवढी वायर स्पीकरसकट कानात, वयामुळे ऐकू कमी येणाऱ्या बहुतेकांना हे जमतं. कान वाहत असेल तर स्पीकर कानात नको, डॉक्टरांना विचारूनच घ्या. स्कूटरवाल्यांनी हेल्मेट घेऊन जावं ट्रायलला, घालता-काढताना मशीन उडून रस्त्यावर पडतं.

एकाच कानाला घेतलं तर पैसे वाचतील?

वाचतील, पण दोन्ही कान गेले असतील तर दोन्हीला घ्या. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो, रस्ता ओलांडताना ते लागतं, आणि गोंगाटात बोलणं समजायलाही. एका वेळी जमत नसेल तर एक महागडं घेण्यापेक्षा दोन साधी डिजिटल घ्यावीत असं माझं मत आहे.

किती पैसे लागतात? एवढं महाग का?

एका कानाचं बरं डिजिटल मशीन साधारण पंधरा-वीस हजारांपासून सुरू होतं आणि वरच्या दर्जाची जोडी काही लाखांत जाते. कानाच्या मशीनवर जीएसटी नाही, कुणी लावत असेल तर विचारा. महाग मशीनमध्ये मुख्यतः गोंगाट हाताळण्याची ताकद जास्त असते. घरात चार माणसांशी बोलणं, टीव्ही, देवळात जाणं एवढंच असेल तर मधलं मशीन पुरतं, मीटिंगा, वर्ग, कोर्ट-कचेरी असेल तर वरचं बघा.

पण किमतीपेक्षा हे विचारा: ट्रायल किती दिवस देता, सेटिंगसाठी पुन्हा यायचे पैसे घेता का, वॉरंटी किती वर्षं, रिपेअर चालू असताना दुसरं मशीन देता का, आणि रिअल इअर मेजरमेंट करता का. हे शेवटचं म्हणजे कानात बारीक नळी घालून, मशीनचा आवाज पडद्यापाशी खरंच किती पोचतोय ते मोजतात. कॉम्प्युटर फक्त अंदाज देतो, प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा, मोजल्याशिवाय कळत नाही. सगळीकडे ही सोय नसते पण विचारा तरी, लोक विचारायला लागले की क्लिनिकवाले आणतील.

सरकारी मदत मिळते का?

मिळते आणि बऱ्याच जणांना माहीत नसते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून, तिथे तपासणी, मशीन, मुलांची स्पीच थेरपी सगळं एका ठिकाणी होतं आणि खर्च खासगीपेक्षा खूप कमी. केंद्राच्या एडिप योजनेत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर मशीन मोफत किंवा सवलतीत मिळतं, त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ ची, ६० वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी, त्यात काठी, चष्म्याबरोबर कानाचं मशीनही आहे, त्याची शिबिरं लागतात. महाराष्ट्राची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्यांना एकदाच ३००० रुपये खात्यात देते, तेवढ्यात चांगलं मशीन येणार नाही पण सेल, मोल्ड यांना हातभार लागतो. शिबिरातून मशीन मिळालं तर एक करा, ते घेऊन जवळच्या ऑडिऑलॉजिस्टकडे जा आणि आपल्या आलेखाप्रमाणे सेट करता येतं का ते विचारा. नाहीतर ते कपाटात पडून राहतं, मी असं खूप घरांत पाहिलंय.

ऑनलाइन हजार रुपयांत मिळतं ते घेऊ का?

नको. ते बहुतेक नुसते अँप्लिफायर असतात, सगळा आवाज सरसकट वाढवतात, तुमच्या आलेखाशी त्यांचा संबंध नाही आणि जास्तीत जास्त आवाजाला नीट लगाम असेलच असं नाही, मोठ्या आवाजाने उरलेल्या पेशींचंही नुकसान होऊ शकतं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मशीन विकायला परवानगी आहे, पण ती १८ वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठीच, आणि आवाजाची वरची मर्यादा कायद्याने ठरवून दिलेली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ इअरफोनच्या हिअरिंग एड फीचरलाही मंजुरी दिली, तेही तेवढ्याच लोकांसाठी. नुकतंच थोडं कमी ऐकू यायला लागलंय आणि मशीन लावायची लाज वाटतेय अशा पन्नाशीतल्या माणसाला तो एक मार्ग आहे. सत्तरीच्या आजींना नाही.

लावल्यावर सगळं कर्कश वाटतं म्हणून आई काढून ठेवते. पैसे वाया गेले का?

नाही गेले. चष्मा घातला की त्या क्षणी दिसतं, मशीनचं तसं नसतं. कितीतरी वर्षं मेंदूला भांड्याचा, कागदाचा, स्वतःच्या चपलांचा आवाज मिळालेलाच नसतो आणि आता सगळं एकदम आत येतं, कुठलं महत्त्वाचं आणि कुठलं सोडून द्यायचं हे त्याला परत शिकायला काही आठवडे लागतात, काहींना दोन-तीन महिने. सुरुवातीला घरात, शांत वेळी, एकाच माणसाशी बोलताना लावा, हळूहळू तास वाढवा, मग बाजार, मग लग्नकार्य. पहिल्याच दिवशी हळदीकुंकवाला घालून नेलं तर ती काढणारच.

आणि नोंद ठेवा. "बरं वाटत नाही" एवढ्यावर ऑडिऑलॉजिस्ट काही करू शकत नाही, पण "भांड्यांचा आवाज टोचतो", "माझाच आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो", "सूनबाईचं कळतं, मुलाचं कळत नाही" असं सांगितलं तर नेमकं तेवढंच बदलता येतं. स्वतःचा आवाज घुमत असेल तर बऱ्याचदा कानातला रबरी घुमट बदलून किंवा मोल्डला बारीक भोक ठेवून काम होतं. घरी एक सोपी तपासणी: मागे उभं राहून आ, ई, ऊ, म, श, स म्हणायचं आणि त्यांनी तसंच परत म्हणायचं. श आणि स गळत असतील तर तेच जाऊन सांगा.

पावसाळ्यात काय करायचं?

मशीनचा खरा शत्रू घाम आणि दमट हवा, कोकणात आणि मुंबईत तर विशेषच. रात्री काढलं की कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलच्या डबीत ठेवा, सेलचं दार उघडं ठेवून. दाणे रंग बदलले की बदलायचे. आंघोळ, केसांना तेल, डाय, परफ्यूम सगळं मशीन काढून. मशीनवर आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणजे पावसाच्या चार थेंबांनी मरणार नाही, ते घालून पोहा असं नाही. भिजलंच तर ड्रायर किंवा ऊन देऊ नका.

सेल झिंक-एअर असतात, रंगीत स्टिकर काढला की हवा लागून सुरू होतात, त्यामुळे स्टिकर काढून एखाद मिनिट थांबून मग घाला, आणि एकदा काढलेला स्टिकर परत लावून सेल वाचत नाही. नंबर रंगावरून ओळखा, १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. घरात लहान मूल असेल तर सेल कुलपात. गिळला तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक हॉस्पिटल. चार्जिंगवाल्यात ही कटकट नाही, रात्री डबीत ठेवायचं, दिवसभर चालतं, वय झालेल्यांना मी तेच सुचवते.

मशीनने स्मरणशक्ती सुधारते म्हणतात, खरं का?

सरळ हो म्हणता येणार नाही. २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला अचिव्ह नावाचा अभ्यास आला, ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं केलेला. सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीपासून विसरभोळेपणाचा धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे मशीन हे डिमेन्शियाचं औषध नाही, पण ऐकू कमी येणं हे डिमेन्शियाच्या टाळता येण्यासारख्या कारणांमध्ये धरलं जातं हे नक्की. आणि अभ्यास सोडा, ज्याला ऐकू येत नाही तो गप्पांतून उठून आत जाऊन बसतो, फोन घेत नाही, कीर्तनाला जाणं सोडतो. तेवढं थांबलं तरी मला पुरेसं कारण वाटतं.

बाळाला ऐकू येत नसेल तर मशीन केव्हा?

जितक्या लवकर तितकं चांगलं. जन्मल्यावर महिन्याच्या आत ओएई ही कानाची प्राथमिक तपासणी, त्यात शंका आली तर तीन महिन्यांच्या आत बेरा (आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी टेस्ट) करून निदान, आणि सहा महिन्यांच्या आत मशीन. "आमच्यात सगळे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका, भाषा शिकायची ती वर्षं परत मिळत नाहीत. मशीनचा उपयोग होत नसेल इतकं ऐकणं कमी असेल तर कॉक्लियर इम्प्लांटचा, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, विचार करतात, एडिपमधून त्यालाही मदत आहे, पण ऑपरेशननंतरची थेरपी वर्षानुवर्षं चालते, त्या तयारीनेच पुढे जा.

घरच्यांनी काय करायचं?

ओरडू नका. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. आधी नावाने हाक मारा, त्यांचं लक्ष गेलं की समोर येऊन, तोंडावर उजेड असेल असं उभं राहून, नेहमीच्या आवाजात थोडं सावकाश बोला, टीव्ही बंद करून. नाही कळलं तर तेच वाक्य चार वेळा न म्हणता शब्द बदला. आणि "जाऊ दे, काही नाही" हे तर कधीच म्हणू नका, त्याने फार लागतं. बँकेत, दवाखान्यात लाइव्ह ट्रान्स्क्राइब ॲप उपयोगी पडतं, समोरचा बोलतो ते मराठीत स्क्रीनवर उमटतं.

आजोबा गेले, त्यांचं मशीन दुसऱ्या कुणाला देता येईल का?

कानामागचं असेल तर बहुतेक वेळा येतं. आतलं त्यांच्या कानाच्या ठशावर बनवलेलं असतं, ते नाही. ज्याला द्यायचं त्याची ऑडिओमेट्री करा, मशीनची ताकद त्याच्या आलेखात बसते का ते ऑडिऑलॉजिस्ट सांगेल, मग जुनं सेटिंग पुसून नवीन टाकायचं, मोल्ड किंवा घुमट नवीन घ्यायचा. मशीन साधारण पाच-सहा वर्षं नीट चालतं, म्हणून फार जुनं असेल तर आधी सर्व्हिसिंगचा खर्च विचारून घ्या. तसंच उचलून दुसऱ्याच्या कानात मात्र घालू नका.